शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?

पत्र थोडक्यात: वय ४४, तालुक्याच्या गावी पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज ४०० च्या आसपास पोळ्या, पहाटे ५ ते दुपारी २ ओट्यापुढे उभी, संध्याकाळी परत दोन-तीन तास. दुसऱ्या बाळंतपणापासून डाव्या पायाच्या शिरा फुगल्यात, आता पोटरीवर गांडुळासारखी वेटोळी दिसतात, संध्याकाळी पाय जड होतो, रात्री पेटके येतात. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडलीय आणि खाजते, पैंजण घासत असतील म्हणून काढून ठेवले तरी फरक नाही. सर्जननी व्हेरिकोज व्हेन्स सांगून लेझरने शीर बंद करू म्हटलंय. सासूबाई म्हणतात नस कापली की पाय लुळा पडतो, गावात एकीचा पडलाय. जाऊ म्हणते जळवा लाव. नवरा म्हणतो तुझं तू ठरव. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, हे डॉक्टरांना विचारायची लाज वाटली. आणि महिनाभर केंद्र बंद ठेवलं तर गिऱ्हाईक टिकेल का? मुलगी १९ ची आहे, तिच्याही पायावर निळ्या रेषा दिसायला लागल्यात.

ताई,

लाज कसली त्यात, तुम्ही विचारलाय तोच खरा प्रश्न आहे आणि मला विचाराल तर सर्जननी तुम्ही न विचारता तो सोडवून सांगायला हवा होता. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण माझी आई ३१ वर्षं शाळेत फळ्यापुढे उभी राहिली आणि तिचे पाय मी जवळून बघितलेत, शिवाय तुमचं पत्र आल्यावर ओळखीच्या एका सर्जन बाईंशी बसून सगळं नीट विचारून घेतलं.

आधी तो नस शब्द बाजूला काढू, कारण सासूबाईंची निम्मी भीती त्या शब्दातच आहे. आपण कशाकशाला नस म्हणतो बघा. मानेची नस दबली, पायाची नस चढली, हाताची नस कापून घेतली, हृदयाची नस ब्लॉक झाली. चार वेळा नस आणि चारही वेळा वेगळी वस्तू. मान अवघडून हाताला मुंग्या येतात तेव्हा दबलेली असते ती मज्जातंतूची नस, रात्री पोटरीत नस चढते तो स्नायूचा गोळा असतो, हृदयाची ब्लॉक होते ती शाळेच्या पुस्तकातली रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त घेऊन जाणारी, आणि तुमच्या पोटरीवर दिसतेय ती शिरा, रक्त परत हृदयाकडे नेणारी. पाय लुळा पडतो तो मज्जातंतूचं मोठं काही बिघडलं तर. लेझरने बंद करणार आहेत ती शिरा. आता पूर्ण खरं सांगायचं तर या शिरेच्या अगदी शेजारून, गुडघ्याच्या खाली, एक बारीक मज्जातंतू जातो आणि त्याला कधी धक्का लागला तर नडगीच्या आतल्या बाजूला किंवा घोट्यापाशी एखादा पट्टा बधिर राहू शकतो, काही जणांना तो बरेच महिने जाणवतो. पण तो तंतू फक्त स्पर्श कळवणारा आहे, पाय हलवण्याचं काम त्याच्याकडे नाही. गावातल्या त्या बाईंना नक्की काय झालं होतं ते ना तुम्हाला माहीत ना मला, पॅरालिसिसचा झटकासुद्धा असू शकतो, नुसतं बधिरपणसुद्धा असू शकतं आणि गावात गोष्ट चार घरं फिरली की बधिरपणाचा लुळेपणा व्हायला वेळ लागत नाही.

आता तुमचा प्रश्न. पोळ्यांचं काम संपलं की एक गोष्ट करून बघा. हात दोन मिनिटं खाली लोंबता सोडा, हाताच्या मागच्या बाजूला शिरा फुगतील. एक सरळ लांब शीर निवडा. दुसऱ्या हाताचं मधलं बोट तिच्यावर बोटांच्या बाजूला दाबून ठेवा आणि तर्जनीने तिथून मनगटाकडे रक्त हलकेच निपटत न्या, आपण पिशवीतलं दूध शेवटपर्यंत निपटतो तसं. आता तर्जनी उचला, मधलं बोट दाबलेलंच ठेवा. शीर सपाटच राहते ना? वरून रक्त येत नाही, निदान मध्येच एखाद्या ठिकाणापर्यंत येऊन थबकतं. आता मधलं बोट सोडा, खालून भर्रकन भरते. (पहिल्यांदा नाही जमलं तर शीर बदला.) हे कुणा मांत्रिकाचं नाही हो, इंग्लंडच्या विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरने १६२८ मध्ये छापलेल्या पुस्तकात अशीच हाताची चित्रं काढून दाखवलंय. शिरांमध्ये छोटी छोटी दारं असतात, झडपा, त्या त्याच्या इटलीतल्या गुरुजींनी, फॅब्रिशियसनी, आधीच वर्णन करून ठेवल्या होत्या, पण त्या कशासाठी ते त्यांना नीट उमगलं नव्हतं. रक्त एकाच दिशेने, हृदयाकडेच जावं म्हणून त्या आहेत हे हार्वेने सांगितलं.

तुमच्या डाव्या पायात नेमकी ही दारं निकामी झालीत. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताचा सव्वा मीटरच्या आसपास उंच खांब असतो, नुसतं स्थिर उभं राहिलं तर घोट्यापाशी शिरांमधला दाब ९० च्या घरात जातो (बीपी ज्या मापात मोजतात त्याच मापात). चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आत दडलेल्या मोठ्या शिरा दाबतात, रक्त वर ढकललं जातं, दारं ते खाली येऊ देत नाहीत आणि दाब उतरून ३० च्या आसपास येतो. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात, आणि म्हणूनच मैलभर चालणाऱ्या बाईपेक्षा एका जागी नऊ तास उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय जास्त दुखतात.

तुमच्याकडे ऊस असेल तर हे लगेच कळेल. पायातलं रक्त वर नेणारा मुख्य कालवा स्नायूंच्या आत खोल आहे, साधारण ९० टक्के रक्त त्यातूनच जातं. कातडीखालच्या शिरा म्हणजे बाजूचे पाट. घोट्याच्या आतून जांघेपर्यंत जाणारा एक लांब पाट आहे, शरीरातली सगळ्यात लांब शीर तीच, आणि बहुतेक वेळा बिघाड तिच्यातच असतो (तुमचाही तिथेच असेल असा माझा अंदाज, तपासणीत कळेलच). वरचं दार मोडलं की मुख्य कालव्यातून कष्टाने वर चढवलेलं रक्त जांघेपाशी या पाटात शिरतं आणि उलटं खाली येतं, घोट्यापाशी साचतं, परत कालव्यात, परत वर, परत खाली. रात्रभर दारं धरून पाणी रानात न जाता फिरून विहिरीतच पडावं तसला प्रकार. म्हणजे तुम्ही विचारताय ही शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, आणि खरी गंमत अशी की ती शीर आत्ता रक्त नेतच नाहीये, परत आणतेय. ती बंद केली की रक्त कालव्यानेच जातं, जसं आत्ताही बहुतेक जातंच आहे. फक्त तो आतला कालवा मोकळा आहे ना हे आधी बघावं लागतं, त्यासाठीच डॉप्लर करतात (शिरेतलं रक्त कुठल्या दिशेने जातंय ते स्क्रीनवर दाखवणारी सोनोग्राफी), आणि डॉप्लर न करता कुणी थेट लेझरची तारीख देत असेल तर त्या तारखेला जाऊ नका.

अजून पटत नसेल तर तुमच्या आळीत बायपास झालेलं कुणीतरी असेलच, त्यांच्या पायाकडे बघा. बऱ्याच जणांच्या घोट्यापासून वर टाक्यांची लांब खूण असते. ती शीर काढून हृदयाला लावतात. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला रेने फावालोरो नावाच्या अर्जेंटिनाच्या सर्जनने ही पद्धत रुळवली, तेव्हापासून जगभर लाखो लोक ती शीर पायातून काढून घेऊनसुद्धा चालताहेत. आता तुम्ही म्हणाल उद्या मलाच बायपास लागली तर शीर कुठून आणणार, हा प्रश्न माझ्या आईने विचारला होता. फुगून वेडीवाकडी झालेली शीर तशीही त्या कामाला धड येत नाही, आणि छातीतली, हातातली रोहिणी असते, दुसरा पाय असतो.

आता ते पैंजण. ताई, पैंजण परत घाला. घोट्याच्या आतली कातडी पैंजणाने काळी पडलेली नाही. तिथे दाब इतका वाढून राहतो की बारीक केशवाहिन्यांमधून लाल पेशी बाहेर झिरपतात, फुटतात, आणि त्यातलं लोह कातडीत साठून तो काळपट तपकिरी डाग पडतो. खाज त्यामुळेच येते. खाजेसाठी मेडिकलमधून आणलेली गजकर्णाची ट्यूब लावत असाल (मला खात्री आहे लावत असणार, सगळेच लावतात) तर बंद करा, त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड असतं आणि कातडी अजून पातळ होते. साधं खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा आणि नखं कापून ठेवा.

या डागामुळे माझं मत थोडं ठाम आहे. नुसत्या फुगलेल्या शिरा असत्या, दुखत नसत्या, तर मी म्हटलं असतं तुमच्या सवडीने बघा, नाही केलं तरी चालेल, दिसायला वाईट दिसतं एवढंच. पण कातडी बदलायला लागली म्हणजे पुढचा टप्पा जखमेचा असू शकतो. सगळ्यांनाच होते असं नाही, पण झाली की घोट्याच्या त्याच जागी होते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. आईला ५८ व्या वर्षी झाली, चार आण्याएवढी होती, भांडं लागल्याचं निमित्त झालं. ड्रेसिंगला दिवसाआड जायचं, रिक्षाचे पैसे, वासाची लाज, लग्नकार्यात जाणं बंद. त्या काळातसुद्धा तिचं एकच वाक्य, सगळ्यांचं आवरलं की बघू. तुमच्या पत्रात हेच वाक्य दोनदा आलंय म्हणून सांगतेय.

जळवांबद्दल. जळू थोडं रक्त ओढते, तेवढ्यापुरता ठणका कमी वाटू शकतो, पण मोडलेलं दार ती बसवत नाही, आणि तुमच्या त्या काळ्या पडलेल्या नाजूक कातडीवर तिने तोंड लावलं तर तीच जखमेची सुरुवात व्हायची. जावेला वाईट वाटू न देता नाही म्हणा. तेलाने जोरात रगडणंही नको, हलका हात ठीक आहे.

मग पर्याय काय काय उरतात. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी दोन्ही एकाच जातीचे, सुईएवढ्या भोकातून बारीक तार शिरेत सरकवतात, आजूबाजूला भूल देतात, उष्णतेने शीर आतून मिटवतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी आणि घरी जाताना चालत. मिटलेली शीर काही महिन्यांत आटून जाते. दुसरं, फेस केलेलं औषध इंजेक्शनने शिरेत सोडायचं, स्वस्त पडतं पण मोठ्या शिरेत परत उघडण्याची शक्यता जास्त. तिसरं जुनं ऑपरेशन, शीर ओढून काढायची, त्याला कमरेतून किंवा पूर्ण भूल, बरं व्हायला वेळ जास्त. ब्रिटनमध्ये नाइस नावाची सरकारी संस्था आहे, कुठला उपचार आधी करावा ते ठरवून देते, तिने २०१३ मध्ये क्रम असाच लावलाय, आधी उष्णतेने बंद करणं, ते जमण्यासारखं नसेल तर फेस, तेही नसेल तर ऑपरेशन. म्हणजे तुमच्या सर्जननी सांगितलं ते काही खिसा कापायला काढलेलं नवीन फॅड नाही. धोके आहेतच, निळं-काळं पडणं, दोरी ताणल्यासारखं दोन-तीन आठवडे ओढणं, तो बधिर पट्टा, आणि क्वचित आतल्या मोठ्या शिरेत गुठळी. आणि पाच-दहा वर्षांनी दुसरी एखादी शीर फुगू शकते, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आणि महिनाभर केंद्र बंद हे कुठून आलं? पत्रात तुम्ही ते डॉक्टरांनी सांगितलं असं कुठेच म्हटलेलं नाही. लेझरनंतर मुद्दाम चालायला सांगतात, झोपून राहणंच चांगलं नसतं. एका जागी तासन्‌तास उभं राहणं आठवडा-दोन आठवडे टाळावं लागेल. तुमच्याकडे लाटायला दोघी आहेत असं लिहिलंय, मग तव्यावर त्यांच्यातली एक आणि तुम्ही हिशोब, डबे, फिरतं काम, असं पंधरा दिवस करता येणार नाही का? की तव्यावर दुसरं कुणी उभं राहिलं की पोळी बिघडते असं तुम्हाला वाटतं? हे मी टोचून नाही विचारत, खरंच विचारतेय. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आणि श्रावण सोडून तारीख मागा, सर्जन देतात. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला विचारा तुमची प्रोसिजर त्यात बसते का, आणि खाजगीत करायचं तर डॉप्लर, लेझर फायबर, मोजे, नंतरची तपासणी असं सगळं धरून एकच आकडा कागदावर लिहून घ्या.

तोवर मोजे. ते घट्ट लांब मोजे असतात ना, गुडघ्यापर्यंतचे बहुतेकांना पुरतात. मेडिकलवाल्याने नुसतं मीडियम-लार्ज विचारून दिले तर घेऊ नका, सकाळी घोटा आणि पोटरी टेपने मोजूनच घ्यायचे. सकाळी खाटेवरून पाय खाली सोडायच्या आधी घालायचे, एकदा उठून चहा ठेवला की पाय भरतो आणि मग मोजा चढत नाही, मग बाई वैतागते आणि मोजे कपाटात जातात. पावडर लावून चढवा. रात्री काढा. पाच-सहा महिन्यांत इलॅस्टिक ढिलं पडतं, मग बदला. मे महिन्यात तव्यापुढे ते घालून उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे हे मला कळतं, त्या दिवसांत निदान पहाटेच्या पाळीला घाला. आणि मोज्याने शीर बरी होत नाही, घातलाय तोवर आराम, एवढंच त्याचं काम.

एक सावधगिरी, मोजे घ्यायच्या आधी डॉक्टरांना पावलाची नाडी बघायला सांगा. डायबिटीस असेल, किंवा मिश्री लावत असाल (लाजू नका, आमच्याकडेही लावायच्या, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच), तर रक्त खाली आणणाऱ्या रोहिण्याच अरुंद झालेल्या असू शकतात आणि मग घट्ट मोजा उलटा त्रास देतो. फरक ओळखायची साधी खूण, शिरांचं दुखणं उभं राहिल्यावर वाढतं आणि चाललं किंवा पाय वर घेतला की हलकं होतं. रोहिणीचं दुखणं उलट, चाललं की पोटरीत कळ येते आणि थांबलं की जाते. तुमच्या वर्णनावरून शिरांचंच वाटतंय, तरी बघून घ्या.

ओट्यापाशी एक पाट किंवा विटेएवढा ठोकळा ठेवा, आलटून पालटून एक पाय त्यावर. दर अर्ध्या तासाने वीस वेळा टाचा वर-खाली, पोळी फुगेपर्यंत होतात. दुपारी जेवल्यावर अर्धा तास भिंतीला पाय लावून आडवं व्हा, पाय छातीपेक्षा वर यायला हवेत, नुसतं उशीवर टाकून भागत नाही. कुणी आलं की उठून बसू नका.

दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. फुगलेली शीर कधी खरचटून फुटली तर रक्ताची धार लागते, बघणारा घाबरतो आणि गुडघ्याच्या वर दोरी नाहीतर रुमाल करकचून बांधतो. बांधायचं नाही, त्याने वर जाणारं रक्त अडून अजून वाहतं. जिथे असाल तिथे आडवं व्हायचं, पाय वर करायचा, स्वच्छ फडकं ठेवून त्या जागेवर बोटाने दहा मिनिटं न उचलता दाबायचं. हळद, कॉफी काही भरायचं नाही. दुसरं, एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर ती आतल्या शिरेतली गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना, आणि सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८.

मुलीचं. गोऱ्या कातडीखाली निळ्या रेषा दिसणं हा आजार नाही, त्यातलं रक्त निळंही नसतं, गडद लालच असतं, कातडीतून तसं दिसतं. पण आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त हे खरं, म्हणून वजन, चालणं आणि पुढे बाळंतपणात मोजे, एवढं तिने लक्षात ठेवावं. दुखत, सुजत नसेल तर आत्ता तपासणी नको. आणि हे उभं राहून राहून मीच ओढवून घेतलं असं जे तुम्ही लिहिलंय ना, ते खोडून टाका, तुमच्या आईचे पाय कसे होते ते आठवा.

नवरा तुझं तू ठरव म्हणतो त्यावर मला जरा राग आला. ठरवा तुम्हीच, पण डॉप्लरला त्यांना बरोबर न्या, स्क्रीनवर रक्त उलटं येताना रंग बदलतो तो त्यांना बघू दे. तपासणी बराचसा वेळ उभं करून करतात, जांघेपर्यंत, म्हणून साडीऐवजी सैल गाऊन घाला आणि ती करणारी बाई असेल का ते फोन करून आधीच विचारा. दुपारनंतरची वेळ घ्या, सकाळी पाय शहाण्यासारखा वागतो.